पडलेल्या हेदूच्या ओंडक्याचं काय करावं? फळ्या, वाळवण, कातकाम

बांधावरचा:
संगमेश्वरजवळ शेताच्या बांधावरचा हेदू जुलैच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला आहे. फांद्या तोडून झाल्या. सरळ बुंधा ९ फूट निघतो, मध्यावर घेर ६० इंच. त्याच्या खालचा बुडाचा ४ फूट भाग खोल खाचाखाचांचा आहे. कापलेलं तोंड पिवळंधम्मक, आणि आतलं-बाहेरचं लाकूड जवळपास एकाच रंगाचं. गावात सगळे म्हणतात जळणाला घाला, साग नाही की फणस नाही, कोण विचारतो.

माझ्याकडे १२ इंच स्विंगचा लेथ आहे (लाकूड फिरवून कातायचं यंत्र, त्यावर १२ इंच व्यासापर्यंतचा तुकडा फिरतो), हातरंधे आहेत, पट्टा करवत नाही. लाटणी, लहान मुलांची खेळणी आणि जमलं तर एक भिंतीतलं कपाट, एवढं मनात आहे. ओंडका पावसाळा संपेपर्यंत तसाच ठेवला तर चालेल का? चिरायचा तर किती जाडीचा? आणि हे लाकूड मुळात कशासाठी चांगलं, कशासाठी नाही?

कातारी:
जळणाला घालू नका. लेथवर हेदूइतकं सरळ वागणारं देशी लाकूड फार थोडं आहे.

आधी झाड तेच असल्याची खात्री करा, कारण हेदू, कळंब आणि कदंब एकाच कुळातले आणि गावोगावी नावांची सरमिसळ आहे. हेदूचं पान समोरासमोर, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, देठाशी खोल खाच असलेलं, खालून किंचित लव असलेलं, देठ लांब. आत्ता जुलैत फुलं असतील तर फांदीवर पिवळे गोल गेंद दिसतील, साधारण २-३ सेंमीचे. कळंबाचं पान देठाशी असं खोल खाचत नाही आणि गेंद पांढुरके असतात. कदंबाचे गेंद चांगले लिंबाएवढे, केशरी, आणि लाकूड हलकं, खोक्यांच्या लायकीचं. लाकूड वाळल्यावर वजनानेही कदंब वेगळा काढता येतो: २ × २ × १० इंचांचा सुका तुकडा हेदूचा असेल तर ४४० ग्रॅमच्या आसपास भरतो, कदंबाचा ३२५ च्या वर सहसा जात नाही. कळंब मात्र वजनाने हेदूच्या जवळ असतो, तिथे पानाफुलावरच जा.

सुकं हेदू घनफुटाला साधारण १८ ते २० किलो, म्हणजे सागाच्या जवळपासच. फरक पोतात आहे. सागाची छिद्रं डोळ्यांना दिसतात, वर्षाच्या एका कडीत मोठी आणि पुढे बारीक होत जातात. हेदूची छिद्रं बारीक, असंख्य आणि सगळीकडे सारखी पसरलेली. म्हणून पटाशीची धार आडव्या दिशेनेही एकसारखी चालते, कडा तुटत नाहीत, बारीक कंगोरा उभा राहतो. कापड गिरण्यांच्या बॉबिन, कंगवे, ब्रशच्या पाठी, मोजपट्ट्या या कामांना हे लाकूड चालायचं ते यामुळेच. बॉबिनला कुसळ राहिलं तर सूत अडकून तुटतं, आणि हेदू घासल्यावर कुसळ सोडत नाही.

कशासाठी नाही: जमिनीत रोवायचे खांब, पावसाच्या माऱ्यातली चौकट, उघड्यावरचा बाक. वाळवी आणि बुरशी दोघींना ते टिकून राहण्याइतकं कडवं नाही. कुऱ्हाडीचा किंवा घणाचा दांडाही करू नका. त्याला धामण, बाभूळ असं धक्का पचवणारं लाकूड लागतं. घराच्या आत, कोरड्यात, लहान आणि गोल काम हे हेदूचं खरं क्षेत्र. कपाटही होईल, पण फळ्या नीट वाळल्या तरच.

वखारवाला:
पावसाळा संपेपर्यंत ठेवू नका. फिक्या रंगाचा ओंडका सालीसकट चिखलात पडून राहिला की दोन-तीन आठवड्यांत तोंडाकडून निळसर-करडे डाग आत सरकतात आणि सालीखाली किड्याची पिल्लं शिरतात. डाग मजबुती फारशी घटवत नाही, पण हेदूचा सगळा मान पिवळ्या रंगाला. डागाळलेल्या लाकडाला कोण हात लावणार?

पण चिरायच्या आधी कागद. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत हळदू आहे, आणि हळदू म्हणजे हाच हेदू. झाड आपोआप पडलं असलं तरी ओंडका गाडीत चढवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा जोडून अर्ज द्या, पडल्या जागेवर पंचनामा होऊ दे, आणि वाहतूक पास हातात आल्याशिवाय हलवू नका. पास नसलेला माल कोणतीही धड वखार आत घेत नाही. पडलेल्या झाडाचे मुळासकट दोन-चार फोटो काढून ठेवा, तोडलेलं नाही हे दाखवायला बरे पडतात.

कागद होईपर्यंत आजच करायची दोन कामं. दोन्ही तोंडांना मेण वितळवून किंवा डांबरी रंगाचे दोन जाड हात द्या, तोंडावरून २ इंच कडेवरही येऊ द्या. आणि ओंडका जागच्या जागीच जमिनीवरून उचलून आडव्या लाकडांवर ठेवा. पास मिळूनही चिरायला फार वेळ लागणार असेल आणि जवळ तळी किंवा डबकं असेल तर ओंडका पूर्ण पाण्याखाली बुडवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. अर्धा वर तरंगला तर पाण्याच्या रेषेवर सर्वात जास्त डाग पडतात.

आता माप. आपल्याकडची पद्धत: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. तुमचा घेर ६०, चौथा हिस्सा १५, वर्ग २२५, गुणिले ९, भागिले १४४ = १४ घनफूट. ओलं वजन साडेचारशे ते पाचशे किलो धरून गाडी सांगा. चिरून हातात निम्म्याहून थोडा जास्त माल येतो, बाकी साल, फळकूट आणि भुसा. पट्टा करवतीत प्रत्येक कापाला जवळपास एक सूत (इंचाचा आठवा भाग) जातं.

चिरताना गाभ्याची सुई, म्हणजे मधला मऊ भाग, कुठल्याही तुकड्यात राहता कामा नये. राहिला की तो तुकडा हमखास तिथून फाटतो. मधून साडेतीन इंचांची एक जाड फळी काढायला सांगा, तिच्यातली सुईची २ इंच पट्टी उभी चिरून टाका. उरलेल्या दोन्ही बाजूंतून सव्वादोन इंचांचे चौकोनी तुकडे पाडा, ते लेथला. मधल्या फळीच्या वर-खाली सव्वा-सव्वा इंचाच्या फळ्या, कपाटाला. सव्वा इंचाची फळी वाळून, रंधून पाऊण इंच ते सात सुतांपर्यंत येते. इंचाचीच काढाल तर बाक काढता काढता अर्धा इंच उरेल.

बुडाचा खाचांचा भाग फळ्यांना निरुपयोगी. खाचेत साल आत दबलेली असते, करवत तिथे फसते. त्यातून वाट्या आणि लहान डबे काढता येतात, खाच जिथे संपते तिथवर आडवे गोळे पाडून.

चंद्रपूरकर सुतार:
वखारवाल्यांच्या चिरण्याशी सहमत. वाळवण मात्र इंचाला एक वर्ष असं डोळे झाकून धरू नका. एक इंची फळी नीट रचली तर ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्यात उघड्या हवेत जेवढी वाळायची तेवढी वाळते. त्यापुढे वर्षभर ठेवलीत तरी हवेच्या दमटपणाखाली ती जाणार नाही.

तीच खरी अडचण. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते, तेव्हा लाकडातलं पाणी १८ टक्क्यांच्या आसपास थांबतं. हिवाळ्यात-उन्हाळ्यात ६५ टक्के आर्द्रतेला ते १२ वर येतं. आमच्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी की लाकूड ५-६ पर्यंत उतरतं. म्हणून तुमच्या कपाटाच्या दाराची फळी चौकटीत चिकटवून घट्ट बसवू नका. खाचेत मोकळी ठेवा, दोन्ही अंगांना एकेक सूत जागा सोडून. ८ इंच रुंद फळी ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत तीन-चार सूत आकसते, आणि नंतरही प्रत्येक पावसाळ्यात थोडी फुगते. जागा नसली की दार चौकट फोडतं.

हेदू वाळवायला अवघड नाही, पण घाई केली तर वरच्या अंगावर बारीक बारीक भेगा पडतात. कारण सरळ आहे: वरचा थर आकसायला लागतो, आतला अजून फुगलेला असतो, वरचा फाटतो. चिरल्याच्या दिवशीच रचा. जागा छपराखाली, चारी बाजूंनी वारा पण ऊन नाही. खाली दीड फूट उंचीचा पाया, दोरी लावून सपाट केलेला, कारण पाया वाकडा असेल तर फळी तोच वाकडेपणा घेऊन वाळते. फळ्यांमध्ये १ × १ इंचाच्या सुक्या पट्ट्या, दर दीड फुटाला, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकावर एक एका ओळीत. ओल्या आंब्याच्या पट्ट्या घातल्या तर जिथे जिथे पट्टी तिथे तिथे काळा पट्टा उठतो, आणि पिवळ्या लाकडावर तो रंधल्यावरही दिसतो. तुमच्याकडे जांभा दगडाचे चिरे आहेत, ते वर ठेवा, नाहीतर वरच्या दोन फळ्या पीळ घेतात. पहिले दोन-तीन आठवडे वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा.

ओलावा मोजायचं मीटर नसेल तर लाकडातलं पाणी तराजूवर काढा. फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक इंच रुंद पट्टी कापा (टोकाची घेऊ नका, ती आधीच सुकलेली असते). लगेच वजन करा, मग ओव्हनमध्ये १०३ अंशांना ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा ८६ ग्रॅम होतं, ७६ झालं. फरक १०, भागिले ७६, म्हणजे १३ टक्के. कपाटाला तुमच्याकडे १२-१३ चालेल. तेच कपाट नागपूरला जाणार असेल तर चालणार नाही, तिथल्या उन्हाळ्यात प्रत्येक जोड उघडेल.

बांधावरचा:
भरपूर मिळालं. कागदाचं उद्या बघतो. अजून दोन शंका. किड्यासाठी फळ्यांना काही लावावं का? आणि लाटणं, खेळणी यांना रंग-तेल काय? लाटणं पिठात, पाण्यात वापरायचं आहे.

कातारी:
दोन ढीग वेगळे करा. कपाटाच्या फळ्यांना औषध, लेथच्या चौकोनी तुकड्यांना नाही.

फळ्यांसाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड, पाणी गरम करून विरघळवा. फळ्या ओल्या असतानाच, चिरल्यापासून दोन-तीन दिवसांत, सगळ्या अंगांनी भरपूर लावा किंवा बुडवून काढा. मग पट्ट्यांशिवाय एकावर एक ठेवून प्लास्टिकने गुंडाळा आणि दोन आठवडे तसंच ठेवा. मीठ लोणच्याच्या फोडीत मुरतं तसं ते ओल्या लाकडात आत जातं. सुक्या लाकडावर लावलं तर वरच राहतं, म्हणून नंतर लावू म्हणण्यात अर्थ नाही. म्हणजे या फळ्या चिरल्याच्या दिवशी न रचता गुंडाळी उघडल्यावर वर सांगितल्याप्रमाणे रचा. पावसात धुऊन जातं, तेव्हा छप्पर हवंच. हातमोजे घाला.

लाटणं, पोळपाट, लहान मूल तोंडात घालेल अशी खेळणी: बोरॅक्स अजिबात नको. हे तुकडे तोंडांना मेण लावून घरातल्या हवेशीर कोपऱ्यात उभे-आडवे रचा, आणि दर महिन्याला एकदा उलटेपालटे करून बघा. खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर तो तुकडा त्याच दिवशी बाजूला.

आणि एक चाचणी. हेदूची साल चांगली कडू असते. लाकूड अन्नाला लागणार असेल तर सुक्या लाकडाचा मूठभर कीस दोन कप पाण्यात १५ मिनिटं उकळा, गाळा, गार करून एक घोट चूळ भरून थुंका. कडवट लागलं किंवा पाण्याला दाट रंग आला तर त्या तुकड्याचं लाटणं करू नका, पेन स्टँड करा.

लाटणं कातताना सव्वादोनच्या चौकोनाचे कोपरे जाईपर्यंत मिनिटाला १०००-१२०० फेरे, मग वाढवा. ढोबळ हिशोब असा की व्यास इंचात गुणिले फेरे हे ६००० ते ९००० मध्ये राहिलं पाहिजे. दीड इंचाच्या लाटण्याला ४००० ते ६००० निघतं, पण १४ इंच लांब बारीक दांडा तेवढ्या वेगात मधे थरथरतो आणि अंगावर नागमोडी खुणा उमटतात. २०००-२५०० वर थांबा आणि स्क्यूला (तिरक्या धारेच्या पटाशीला) ताजी धार द्या. धार बोथट असली की हेदू फाटत नाही, पण चकचकीत व्हायच्या ऐवजी मळकट दिसायला लागतं. तीच पुन्हा पाजळायची खूण. १२०, १८०, २४०, ३२० नंबरचा पेपर, शेवटचा लेथ थांबवून लांबीच्या दिशेने.

लाटण्याला तेल म्हणजे औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन ४ भाग आणि मधमाशांचं मेण १ भाग, कोमट करून एकत्र, चोळून, रात्रभर ठेवून पुसा. शेंगदाण्याचं किंवा गोडं तेल लावू नका, ते कधीच सुकत नाही, चिकट होतं आणि महिन्याने खवट वास मारतं. वार्निश तर मुळीच नको, लाटताना सुटून पोळीत जाईल.

खेळण्यांना लाख. चन्नपट्टणची लाखेची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची होतात, हेदूचा पोत त्याच जातीचा, फक्त थोडा जास्त घट्ट. पेपर २४० वर थांबवा, त्यापुढे अंग इतकं गुळगुळीत होतं की लाखेला धरायला जागा राहत नाही. रंगीत लाखेची कांडी फिरत्या अंगावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि पसरते, मग केवड्याच्या पानाने चकाकी. लाकूड पूर्ण सुकं हवं. ओलं असलं की लाखेखाली वाफ अडकते, फोड येतात, आणि चार महिन्यांनी लाख पापुद्र्यासारखी सुटते. गाऱ्हाणं नेहमी लाखेबद्दल येतं, दोष लाकडातल्या पाण्याचा असतो.

बुडाच्या भागातल्या वाट्या ओल्याच काता. १० इंचाच्या वाटीला भिंत एक इंच जाड ठेवा, तेवढाच एक दशांशाचा हिशोब लहान वाटीलाही. तिच्याच भुशात घालून कागदी पिशवीत भरा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन स्थिर झालं की दुसऱ्यांदा काता. मधल्या काळात ती लंबगोल होणारच, एक इंचाची भिंत त्यासाठीच.

रंधेवाला:
कपाटाच्या रंध्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. हेदूची रेषा बहुतेक सरळ असते, पण काही फळ्यांत थर एकाआड एक उलट-सुलट झुकलेले असतात. अशी फळी तिरक्या उजेडात धरली तर पट्ट्यापट्ट्यांची चमक दिसते. तिथे रंधा एका पट्ट्यात गुळगुळीत जातो आणि शेजारच्यात बारीक चिपा उपटतो. दिशा बदलून उपयोग नाही, कारण मग दुसरा पट्टा उपटतो. रंध्याची वरची पट्टी पात्याच्या धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणा, पातं इतकं कमी काढा की कीस पारदर्शक निघेल, आणि उरलेलं स्क्रेपरने (धारेच्या पोलादी पत्र्याने).

कडेजवळ स्क्रू मारायच्या आधी भोक पाडा. ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिमी, आणि कडेपासून निदान पाऊण इंच आत. न पाडता मारला तर कड सरळ फुटते.

रंगाबद्दल आधीच मन तयार ठेवा. आज दिसणारा हळदी पिवळा कायम राहत नाही, उजेडात काही महिन्यांत तो तपकिरी-तांबूस मधाळ होत जातो. जवसाचं तेल किंवा पिवळ्या चपड्याचं (लाखेच्या पापुद्र्यांचं) पॉलिश तो आणखी गडद करतं. पिवळा जास्त काळ हवा असेल तर ब्लीच केलेल्या पांढऱ्या चपड्याचे दोन पातळ हात आणि वर पाण्यात मिसळणारा यूव्ही-रोधक टॉपकोट. बदल लांबतो, थांबत नाही. सागाला, ऐनाला लागतं तसं छिद्रं भरायचं पुटिंग इथे लागत नाही, एका सीलरवर अंग बंद होतं. दारात शिसवाची बारीक पट्टी बसवलीत तर काळ्यावर पिवळा छान उठतो, पण पट्टी बसवून झाल्यावर दोन्ही एकत्र घासू नका. शिसवाची काळी धूळ हेदूच्या छिद्रांत बसते आणि निघत नाही. आधी हेदूला पांढऱ्या चपड्याचा एक हात, मग घासणं.

वखारवाला:
एक राहिलं. ओंडक्याच्या तोंडावर आत्ता चांदणीसारख्या भेगा आल्या असतील तर चिरताना वरच्या करवतवाल्याला सांगा की सर्वात मोठी भेग उभी ठेवून पहिला काप तिच्या रेषेत घे. आडवी राहिली तर ती प्रत्येक फळीतून जाईल, उभी ठेवली तर एक-दोन फळ्यांतच संपते. आणि पडताना बुंधा दगडावर आपटला असेल तर त्या जागेला खडूने खूण करून ठेवा. तिथे आडवी मोड असते, बाहेरून दिसत नाही, रंधल्यावर केसासारखी रेघ दिसते. ती रेघ असलेला तुकडा लेथला लावू नका, फिरताना तुटून अंगावर येतो.